दातावरची पन्हळ आणि प्राचीन सरीसृपांचे विष

आमच्या घरातील मांजर जांभई देते, तेव्हा त्याचे वरचे दोन सुळे क्षणभर पूर्ण उघडे पडतात. उजेड तिरका येत असेल आणि आपण पुरेसे जवळ असलो, तर सुळ्याच्या बाहेरच्या अंगावर हिरडीकडून टोकाकडे गेलेली एक बारीक पन्हळ दिसते. पहिल्यांदा ती लक्षात आली तेव्हा मी हलकेच नख टेकवून पाहिले होते. नख त्या खाचेत किंचित अडकते. मांजराला विष नसते हे कुणालाही ठाऊक आहे. परंतु हाच सुळा जबड्यातून सुटून गाळात गाडला गेला, काही कोटी वर्षांनी कुणाच्या हाती लागला, आणि तोवर मांजर नावाचा प्राणी कसा होता हे सांगणारे कुणी उरलेच नाही, तर त्या पन्हळीचा अर्थ तो माणूस काय लावेल? विष वाहून नेण्याची वाट, असा लावण्याची शक्यता बरीच आहे. प्राचीन सरीसृप विषारी होते का, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत जो वाद झाला आहे, त्याचा मोठा भाग या एका पन्हळीभोवती फिरतो. हा वाद मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे आणि त्याविषयीचे माझे मत येथे मांडत आहे.

आधी शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत आपण कण्हेरीलाही विषारी म्हणतो आणि नागालाही विषारी म्हणतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. कण्हेरीचे विष खाणाऱ्याला बाधते. नागाचे विष तो स्वतः दुसऱ्याच्या अंगात टोचतो. न्यू गिनीतील पिटोहुई या पक्ष्याच्या कातडीत आणि पिसांत जहाल विष असते, हे १९९२ मध्ये सिद्ध झाले, पण तो पक्षी चावून कुणाला विषबाधा करत नाही. येथे मी ज्या विषाविषयी लिहितो आहे ते टोचले जाणारे विष आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: विष तयार करणारी ग्रंथी, तेथून जखमेपर्यंत जाणारी वाट आणि जखम करणारा अवयव, म्हणजे बहुतेक वेळा दात.

या तिन्हींपैकी जीवाश्मात सहसा दातच उरतो. विष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असते आणि ते कोट्यवधी वर्षे टिकत नाही. ग्रंथी मऊ असते, ती मेल्यानंतर काही दिवसांत कुजते. दात मात्र शरीरातील सर्वांत कठीण वस्तू आहे, आणि बहुतेक सरीसृपांचे दात आयुष्यभर पडत व नव्याने येत राहतात, त्यामुळे एकाच प्राण्याकडून जमिनीला शेकडो दात मिळतात. परिणामी अनेक प्राचीन प्राणी आपल्याला केवळ दातांवरून माहीत आहेत आणि त्यांच्या विषाचा निवाडाही दातांवरूनच करावा लागतो.

तो निवाडा करण्यापूर्वी जिवंत प्राण्यांचे दात नीट पाहिले पाहिजेत. हरणटोळ किंवा मांजऱ्या साप यांना आपण निमविषारी म्हणतो. त्यांच्या वरच्या जबड्याच्या मागच्या भागातील काही दातांवर उघडी पन्हळ असते आणि विष त्या पन्हळीतून ओघळत जखमेत उतरते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विषदंत मात्र आतून पोकळ असतात. विष बंद नळीतून जाते आणि टोकाच्या थोडे वर असलेल्या छिद्रातून बाहेर पडते. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात नागाची कवटी भिंगाखाली पाहण्याची संधी मला मिळाली. विषदंत अपेक्षेपेक्षा बराच लहान होता, तांदळाच्या दाण्याएवढा, किंचित पिवळसर आणि अर्धपारदर्शक. त्याच्या पुढच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक पुसट रेघ होती. दोन कापडे जोडल्यावर शिवण दिसावी, तशी. पन्हळीचे दोन्ही काठ वळून एकमेकांना भिडले आणि तिची नळी झाली, त्याची ती खूण होती. घोणशीच्या विषदंतावर ही शिवण सहसा दिसत नाही, तेथे काठ पूर्णपणे एकजीव झालेले असतात. ती रेघ पाहिल्यापासून पन्हळ आणि नळी या दोन वेगळ्या रचना आहेत, असे मला वाटेनासे झाले. ती एकाच वाटचालीची दोन ठिकाणे आहेत.

ही वाटचाल सुरू कोठून झाली असावी, याचे एक पटणारे उत्तर २०२१ मध्ये आलेसांद्रो पाल्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. पुष्कळ सापांच्या, अगदी बिनविषारी सापांच्याही, दातांच्या मुळाशी डेंटीनच्या, म्हणजे दाताच्या मुख्य कठीण द्रव्याच्या, थराला बारीक चुण्या असतात. दात जबड्याला घट्ट धरून राहावा यासाठी या चुण्यांचा उपयोग होत असावा. त्यांच्यापैकी एखादी चुणी खोल झाली आणि मुळापासून वर टोकापर्यंत वाढत गेली, तर दातावर पन्हळ तयार होते. जवळच लाळेची ग्रंथी असेल आणि तिच्या स्रावात थोडेसे जरी बाधक द्रव्य असेल, तर अशा पन्हळीचा फायदा त्या प्राण्याला लगेच मिळू लागतो. सापांमध्ये विषदंत एकदाच नव्हे तर अनेक वेळा स्वतंत्रपणे का निर्माण झाले, याचा उलगडा यातून होतो. त्याचबरोबर एक सावधगिरीची गोष्टही कळते. दाताच्या मुळाशी असलेली खाच विषाशी काहीही संबंध नसताना केवळ पकडीसाठी असू शकते.

आता डायनासोरांकडे वळतो, कारण विषाचा सर्वाधिक गाजावाजा त्यांच्या बाबतीत झाला आहे. डिसेंबर २००९ मध्ये गोंग एन्पू, लॅरी मार्टिन, डेव्हिड बर्नहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा दावा केला की चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेला सायनॉर्निथोसॉरस हा पिसे असलेला छोटा शिकारी डायनासोर विषारी होता. हा प्राणी सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा आणि जेमतेम एक मीटर लांबीचा. दाव्याला तीन आधार होते. त्याचे वरच्या जबड्यातील मधले दात असामान्य लांब आहेत. त्या दातांवर पन्हळ आहे. आणि जबड्याच्या हाडावर एक खळगा आहे, ज्यात विषग्रंथी बसत असावी. पक्ष्यांच्या दाट पिसांतून पार आत जाण्यासाठी लांब दात आणि पकडलेला पक्षी सुन्न करण्यासाठी विष, असे एक सुसंगत चित्र त्यातून उभे राहिले. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते मनापासून आवडले होते, हे मी कबूल करतो. चित्र इतके नेटके होते की ते खरे असावे असे वाटत होते.

पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातील फेडेरिको जानेकिनी, फेडेरिको अग्नोलिन आणि मार्टिन एझ्कुरा यांनी या तिन्ही आधारांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. दात लांब दिसतात, कारण ते जबड्याच्या खोबणीतून खाली घसरले आहेत. एरवी खोबणीत दडलेले मूळ उघडे पडल्यामुळे सबंध दात लांब भासतो, आणि दडपून सपाट झालेल्या जीवाश्मांत असे घडणे मुळीच दुर्मीळ नाही. पन्हळीसारखी खाच विषाचा संशय कधीही घेतला न गेलेल्या इतर मांसाहारी डायनासोरांच्या दातांवरही आढळते. ग्रंथीचा म्हणून सांगितलेला खळगा तर त्यांना वेगळा म्हणून ओळखताच आला नाही. जबड्याच्या हाडाचा पृष्ठभाग तेथे मुळातच उंचसखल असतो. मूळ लेखकांनी यावर प्रत्युत्तर दिले, परंतु माझ्या मते घसरलेल्या दातांचा मुद्दा निर्णायक आहे आणि त्याला पुरेसे उत्तर मिळालेले नाही. तीन कमकुवत पुरावे एकत्र ठेवले म्हणजे एक भक्कम पुरावा होतो, असे येथे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात प्रत्येक पुराव्याला विषाविना साधे स्पष्टीकरण उपलब्ध होते.

डायनासोरांच्या बाबतीत जादा पुरावा मागण्यामागे आणखी एक कारण आहे. नामशेष प्राण्याच्या मऊ अवयवांविषयी अनुमान करताना शास्त्रज्ञ त्याच्या दोन्ही बाजूंचे जिवंत नातेवाईक पाहतात. एखादा अवयव दोन्हीकडे असेल तर मधल्या प्राण्यातही तो असण्याची शक्यता मोठी. दोन्हीकडे नसेल तर तो मधल्यात होता असे म्हणणाऱ्याने स्वतंत्र आणि ठोस पुरावा द्यावा. डायनासोरांच्या एका बाजूला मगरी आहेत आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. मगर चावते ती जबड्याच्या जोरावर. तिला विष नाही. चावून विष टोचणारा एकही पक्षी नाही. म्हणजे डायनासोराला विष होते असे म्हणायचे असेल, तर ते त्याच्या वंशात नव्याने निर्माण झाले असे म्हणावे लागते. ते अशक्य नाही, पण नुसत्या खाचेच्या बळावर ते मान्य करता येत नाही.

डायलोफोसॉरसविषयी फार लिहिण्याची गरज नाही. डोक्यावर दोन तुरे असलेला, सुमारे सहा-सात मीटर लांबीचा हा प्राणी ॲरिझोनात १९४० मध्ये सापडला आणि १९७० मध्ये त्याला हे नाव मिळाले. शत्रूच्या डोळ्यांत विष थुंकणारा म्हणून त्याची जी प्रतिमा जगभर पसरली, ती कल्पित कथेतून आली. त्याच्या हाडांत किंवा दातांत तसे सुचवणारे काहीही नाही. थुंकणे ही मुळात किती अवघड गोष्ट आहे हे थुंकणाऱ्या नागांकडे पाहिले की कळते. त्यांच्या विषदंताचे छिद्र खाली नव्हे तर पुढच्या दिशेला वळलेले असते, नळीची वाट छिद्रापाशी वेगाने वळते आणि ग्रंथीवरचे स्नायू ती जोराने दाबतात. डायलोफोसॉरसचे दात करवतीसारख्या धारेचे, भरीव आणि मांस कापणारे आहेत; त्यांत पन्हळसुद्धा नाही, मग नळीचे नावच नको.

खाच म्हणजे विष नव्हे, हा धडा सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांनाही याच सुमारास मिळाला. कॅनडातील अल्बर्टा येथे सापडलेल्या, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या बायसोनॅल्व्हियस या चिमुकल्या सस्तन प्राण्याच्या सुळ्यांवर खोल पन्हळ आहे, म्हणून तो विषारी होता, असे २००५ मध्ये जाहीर झाले. त्याला तुलनेसाठी प्राणीही उपलब्ध होता: कॅरिबियन बेटांवरील सोलेनोडॉन हा जिवंत प्राणी खालच्या पटाशीच्या दातावरील पन्हळीतून विष सोडतो. परंतु २००७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पन्हळीचे सुळे कोणाकोणाला असतात याची पाहणी केली, आणि पुष्कळ माकडांसह कितीतरी बिनविषारी सस्तन प्राणी त्या यादीत आले. पन्हळ असलेल्यांत विषारी थोडे आणि बिनविषारी फार, असे प्रमाण निघाले. आमच्या मांजराचा सुळा त्याच मोठ्या गटातला.

मग प्राचीन सरीसृपांत विष होते असे खात्रीने म्हणता येईल असा एकही दात नाही का? एक आहे, आणि माझ्या दृष्टीने या सबंध विषयातील तो सर्वांत विलक्षण जीवाश्म आहे. १९९१ मध्ये हान्स-डीटर झूस यांनी व्हर्जिनियातील ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातील खडकांत सापडलेल्या काही दातांचे वर्णन केले आणि त्या प्राण्याला उआचिटोडॉन असे नाव दिले. डायनासोर नुकतेच कोठे पसरू लागले होते, तेव्हाचा, वीस कोटी वर्षांहूनही कितीतरी जुना हा काळ. दात उंच, दोन्ही बाजूंनी चपटे आणि करवती धारेचे आहेत. त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर एकेक खोल पन्हळ मुळापासून टोकाकडे गेली आहे. वरवरची खाच ती नव्हे. दाताची भिंतच तेथे आत दुमडली गेली आहे.

एवढ्यावर हा शोध थांबला असता तर मी त्यालाही संशयाचा फायदा दिला नसता. पण नंतर नॉर्थ कॅरोलायनात त्याच प्राण्याच्या दुसऱ्या जातीचे, थोड्या अलीकडच्या काळातील दात मिळाले आणि २०१० मध्ये जोनाथन मिचेल, अँड्र्यू हेकर्ट आणि झूस यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या दातांत पन्हळी उघड्या राहिलेल्याच नाहीत. काठ जुळले आहेत, आत बंद नळी तयार झाली आहे आणि टोकाजवळ स्राव बाहेर पडण्यासाठी छिद्र आहे. जुन्या जातीत पन्हळ, नव्या जातीत नळी. नागाच्या विषदंतावर जी शिवण मी भिंगातून पाहिली, तिचाच इतिहास येथे दोन वेगवेगळ्या थरांतील खडकांत विभागून जपला गेला आहे. पकडीसाठी चुण्या लागतात, दात हलका आणि मजबूत करण्यासाठी खाच उपयोगी पडत असेल, पण टोकाजवळ तोंड असलेल्या बंद नळीला द्रव वाहून नेण्याखेरीज दुसरे कोणते काम असू शकते, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही. म्हणून या प्राण्याला विष होते, असे मी कोणतीही आडपडदा ठेवणारी भाषा न वापरता म्हणतो.

हा निष्कर्ष आधीच्या नियमाच्या आड येतो, हेही सांगितले पाहिजे. दातांच्या ठेवणीवरून आणि करवती धारेवरून उआचिटोडॉन हा सापांचा किंवा सरड्यांचा नव्हे, तर मगरी आणि डायनासोर ज्या मोठ्या शाखेत येतात त्या शाखेच्या जवळचा असावा असे मानले जाते. म्हणजे जिवंत नातेवाइकांकडे पाहून ज्या शाखेत विषाची अपेक्षा करू नये असे मी वर म्हटले, त्याच बाजूला ते एकदा निर्माण झाले होते. नातेवाइकांवरून केलेले अनुमान पुराव्याचे ओझे कुणी उचलायचे एवढेच ठरवते. सायनॉर्निथोसॉरसला ते ओझे पेलले नाही, उआचिटोडॉनला पेलले.

जेथे नाते आणि दात दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, तेथे काम सोपे होते. मंगोलियातील गोबी वाळवंटात मिळालेल्या आणि १९९२ मध्ये वर्णन केलेल्या एस्टेसिया या सरड्याच्या दातांवर पन्हळ आहे. तो क्रिटेशस, म्हणजे मोठ्या डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या अखेरीचा, आणि त्याचे जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे हिला मॉन्स्टर व त्याचा भाऊबंद मणिधारी सरडा, जे खालच्या जबड्यातील ग्रंथीतले विष पन्हळीच्या दातांतून चावून चावून जखमेत मुरवतात. येथे साध्या पन्हळीलाही मी विषाची वाट मानायला तयार आहे. मेक्सिकोतील ज्युरासिक काळातील स्फेनोव्हायपेरा या, न्यूझीलंडमधील तुआतारा या सरड्यासारख्या दिसणाऱ्या सरीसृपाच्या नातेवाइकाविषयी मात्र माझा निर्णय तसा नाही. त्याच्याही खालच्या जबड्यात पन्हळीचे दात आहेत आणि २००५ मध्ये त्याला विषारी म्हटले गेले, पण तुआतारा विषारी नाही आणि नळीचा पत्ता नाही.

आतापर्यंत मी दातावर खूण असूनही विष नसण्याविषयी लिहिले. उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. कोमोडो ड्रॅगन या प्रचंड घोरपडीच्या दातांवर विष वाहून नेणारी पन्हळ नाही. त्याच्या चाव्यातून निसटलेले भक्ष्य नंतर मरते, ते तोंडातील घाणेरड्या जिवाणूंमुळे, असे बराच काळ मानले जात होते. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी कोमोडोच्या डोक्याची चुंबकीय प्रतिमा घेऊन खालच्या जबड्यात अनेक कप्प्यांची ग्रंथी दाखवली. तिच्या नलिका थेट दातांच्या मधल्या फटींत उघडतात. तिच्या स्रावात रक्तदाब उतरवणारी आणि रक्त गोठू न देणारी प्रथिने मिळाली. २०१३ मध्ये बंदिवासातील कोमोडोंच्या तोंडातील जिवाणू तपासले गेले, तेव्हा ते इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात असतात तसेच सर्वसाधारण निघाले. भक्ष्य मरते ते विषाने की मोठ्या जखमेतून वाहणाऱ्या रक्ताने, यावर मतभेद अजून आहेत, आणि मला स्वतःला जखमेचा वाटा मोठा वाटतो. तरीही ग्रंथी आहे, तिचा स्राव जखमेत जातो, आणि दात याविषयी एक अक्षरही सांगत नाही. कोमोडो नामशेष झाला असता आणि त्याचे फक्त दात आपल्याला मिळाले असते, तर आपण त्याला निःशंकपणे बिनविषारी ठरवले असते.

फ्राय यांनी याच आधारावर पुढचे पाऊल टाकले. ऑस्ट्रेलियात प्लाइस्टोसीन (हिमयुगांच्या) काळात मेगालेनिया नावाची, कोमोडोपेक्षाही खूप मोठी घोरपड राहत असे. रिचर्ड ओवेन यांनी १८५९ मध्ये तिचे वर्णन केले होते. ती कोमोडोची जवळची नातेवाईक आहे, म्हणून तिलाही विष असावे, आणि तसे असेल तर ती आजवर ज्ञात असलेला सर्वांत मोठा विषारी प्राणी ठरते. हे अनुमान मला वाजवी वाटते, कारण येथे नाते खरोखर जवळचे आहे.

परंतु २००६ मध्ये त्यांच्याच गटाने मांडलेली व्यापक कल्पना मी तितक्या सहजपणे स्वीकारत नाही. साप, घोरपडी, हिला मॉन्स्टर, इग्वाना आणि सरड (गिरगिट) या सर्वांच्या समाईक पूर्वजात सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी विष एकदाच निर्माण झाले आणि पुढे कोठे वाढले, कोठे क्षीण झाले, अशी ती कल्पना आहे. ती खरी असेल तर क्रिटेशस समुद्रांतील मोसासॉर या प्रचंड सागरी सरीसृपांनाही, ते सापांचे आणि घोरपडींचे नातेवाईक असल्यामुळे, वारशाने विषग्रंथी मिळाली असण्याचा विचार करावा लागतो, त्यांच्या जाड शंकूसारख्या दातांवर विषाची वाट नसली तरीही. २०१४ मध्ये ॲडम हारग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी मात्र दाखवून दिले की ज्या जनुकांना विषाची जनुके म्हटले गेले होते, त्यांतील बरीच जनुके शरीराच्या इतर अवयवांतही, आणि बिनविषारी पालींतही, आपले नेहमीचे काम करत असतात. लाळेत सापडले म्हणजे ते विष, असे म्हणता येत नाही. दातावरच्या खाचेच्या बाबतीत जी घाई झाली, तीच येथे जनुकांच्या बाबतीत झाली असे मला वाटते, आणि म्हणून मोसासॉरांना विषारी म्हणण्यास मी तयार नाही.

शेवटी युकॅम्बर्सियाविषयी लिहिले पाहिजे, कारण त्याचा पुरावा दातात नसून हाडात आहे. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या आणि १९३१ मध्ये रॉबर्ट ब्रूम यांनी वर्णन केलेल्या या पर्मियन, म्हणजे डायनासोरांच्याही आधीच्या काळातील प्राण्याला पूर्वी सस्तनसदृश सरीसृप म्हणत; आज त्याला सरीसृपांत न धरता सस्तन प्राण्यांकडे जाणाऱ्या शाखेत ठेवतात. त्याच्या वरच्या जबड्यात, सुळ्याच्या लगेच मागे, दोन्ही बाजूंना एकेक मोठा खळगा आहे. हा खळगा सायनॉर्निथोसॉरसच्या खळग्यासारखा संशयास्पद नाही. तो खोल आणि रेखीव आहे आणि कवटी हातात घेणाऱ्या कुणाच्याही नजरेत भरेल असा आहे. २०१७ मध्ये ज्युलियन बेन्वा आणि सहकाऱ्यांनी त्या काळी ज्ञात असलेल्या दोन्ही कवट्यांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा खळग्याला रक्तवाहिन्या आणि चेतातंतू पुरवणाऱ्या नलिका हाडात दिसल्या. तेथे काहीतरी जिवंत, भरपूर रक्तपुरवठा असलेला अवयव होता, एवढे नक्की, आणि तो स्राव सोडणारी ग्रंथी असावी असे मानण्यास जागा आहे. सुळ्यावर मात्र बंद नळी नाही. कंगोरा आहे, ज्याच्या कडेने स्राव ओघळू शकला असता.

म्हणजे युकॅम्बर्सियाचा जबडा आहे, पण त्याचा दात आपली बाजू पूर्णपणे मांडत नाही. उआचिटोडॉनचा दात सगळे सांगतो, पण त्याचा जबडाच नाही. त्याचे डोके, पाय, शेपूट, यांतले काहीही आजवर ओळखले गेलेले नाही. तो केवढा होता, काय खात होता, नळीचे दात त्याच्या जबड्यात पुढे होते की मागे, एका बाजूला एक होता की ओळीने अनेक होते, हे सारे त्या मूठभर दातांपलीकडचे आहे. नव्या उत्खननाच्या बातम्यांत व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना किंवा ॲरिझोना यांचे नाव आले आणि सोबत ट्रायासिक हा शब्द दिसला, की मी आधी शोधतो तो वरच्या जबड्याचा एखादा तुकडा, ज्यात तसा एक दात अजून आपल्या खोबणीत घट्ट बसलेला असेल, आणि ज्याच्या मुळाच्या वर, हाडात, ग्रंथीपुरती जागा राखलेली असेल.